पाच वर्षं दहा महिने: न्यू जर्सीहून बडोद्याला परतताना मुलीची शाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत आठ वर्षं राहून तुम्ही दोघं २०२६च्या मे महिन्यात बडोद्याला कायमचे परत येताय. मुलीचा जन्म १८ जुलै २०२०चा, तिकडे तिचं किंडरगार्टन चालू आहे. घर भायलीला घेतलंय, आई-वडील दांडिया बाजारात जुन्या वाड्यात. पाच शाळांचा तक्ता केलाय, त्यात बोर्ड, फी, पटांगण, वातानुकूलित वर्ग, पोहण्याचा तलाव असे रकाने आहेत. यातली कोणती घ्यावी, पहिलीत प्रवेश मिळेल का, बोर्ड कोणतं, गुजराती कसं झेपेल आणि मराठी टिकेल का, असं विचारलंत.

मी बडोद्यातल्या शाळांच्या प्राथमिक विभागात सत्तावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ विभागप्रमुख म्हणून. मुलं 'बेन' म्हणायची, मराठी पालक 'बाई'. प्रवेशाच्या टेबलापलीकडे बसून परदेशातून परतलेली साठ-सत्तर कुटुंबं तरी पाहिली असतील. तुमचा तक्ता नीटनेटका आहे. एकच रकाना नाही, घर ते शाळा अंतराचा. तिथे येतेच, पण आधी वय, कारण बाकी सगळं त्यावर अडतं.

गुजरातेत २०२३-२४पासून पहिलीच्या प्रवेशाला १ जून रोजी सहा वर्षं पूर्ण लागतात. तुमची मुलगी १ जून २०२६ला पाच वर्षं, दहा महिने आणि चौदा दिवसांची असेल. म्हणजे यंदा पहिली नाही. सिनियर केजी. तिकडे राहिली असती तर सप्टेंबरमध्ये फर्स्ट ग्रेडला गेली असती, त्यामुळे तुमच्या पत्रात 'वर्ष वाया जाणार' हे शब्द दोनदा आलेत. नियम लागू झाला तेव्हा काही पालक गुजरात उच्च न्यायालयातही गेले होते. २०२३मध्ये न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. तेव्हा कोणी 'आपण करून देऊ, काळजी नको' म्हणालं तर त्या माणसाशी पुढचं बोलू नका. अशी 'करून दिलेली' नोंद पुढे केव्हा तरी उघडी पडते, आणि तेव्हा तो माणूस सापडत नाही.

पण वर्ष वाया जातं का? हिशोब करू. जून २०२७ला ती पहिलीत गेली, तर दहावीची परीक्षा मार्च २०३७ला देईल, सोळा वर्षं आठ महिन्यांची असताना. वर्गातल्या बाकीच्या मुली तिच्याहून फार तर वर्षभराने लहान असतील, कारण नियम सगळ्यांनाच आहे. ती मोठी दिसणार नाही, मागेही पडणार नाही. उलट मला विचाराल तर परदेशातून येणाऱ्या मुलाला मिळालेलं हे सगळ्यात चांगलं बक्षीस. नवा देश, नवी भाषा, नवी आजी (फोनवरची आजी आणि घरातली आजी या दोन वेगळ्या व्यक्ती असतात), उन्हाळा, डास, आणि त्यावर पहिलीचा गृहपाठ, हे सगळं एकदम डोक्यावर घ्यायचं की त्यातलं शेवटचं वर्षभर पुढे ढकलायचं? सिनियर केजीत तिला चुकायला मोकळीक मिळेल. पहिलीत ती मोकळीक तुमच्याही घरात नसते, शेजारच्या घरात तर नसतेच.

आता एक किस्सा, कारण तो तुमच्याही बाबतीत होऊ शकतो. एका मुलाचा अर्ज आमच्याकडे आला तो दुसऱ्या एका शाळेने परत केल्यावर. त्याच्या अमेरिकन दाखल्यावर जन्मतारीख होती ०४/०६/२०१७. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे ६ एप्रिल. त्या शाळेच्या कारकुनाने आपल्या सवयीने वाचली ४ जून. १ जूनच्या रेषेला तीन दिवस कमी! अर्ज बाद. वडील महिनाभर 'शाळेने कारण न देता नाकारलं' म्हणून धुमसत होते. मी पासपोर्ट मागितला, त्यावर महिना अक्षरांत होता, पाच मिनिटांत उलगडा झाला. तुमच्या मुलीच्या तारखेत १८ आहे म्हणून हा घोळ होणार नाही, पण लसीकरणाच्या कार्डावरच्या तारखा आहेतच. आणि तुमचे मित्र परतणार असतील तर त्यांना सांगा: अर्जात महिना नेहमी अक्षरांत लिहायचा आणि पासपोर्टची प्रत सगळ्यात वर लावायची. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत जी.आर.मध्ये, एकदा चुकीची तारीख चढली की ती एल.सी.वर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, उतरते, तिथून दहावीच्या गुणपत्रकावर. मग सुधारायला हेलपाटे.

नावाचंही तसंच. इथे रजिस्टरमध्ये आडनाव, मुलीचं नाव, वडिलांचं नाव या क्रमाने लिहितात. अमेरिकन पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुधा नसतं. पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे ठेवा आणि पहिल्या दिवशी शाळेला तसं लेखी द्या.

बाकी कागद भराभर सांगते. जन्मदाखल्याला तिथूनच, त्या राज्य सरकारकडून, अपोस्टिल (परदेशात चालणारा अधिकृत शिक्का) करून आणा. सगळ्या शाळा मागत नाहीत, पण इथे बसून ते करवून घेणं म्हणजे डोकेदुखी. मुलगी अमेरिकन नागरिक, तिचं ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असेलच, शाळेला ते पुरतं. आधार मात्र आल्या आल्या मिळणार नाही, ओसीआयधारकाला बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावरच ते काढता येतं. शाळेच्या कार्यालयात 'आधार वगर नहि चाले' असं ऐकाल. आधार नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या निकालात सांगितलंय. पण कार्यालयातल्या बेनशी निकालावर वाद घालू नका, तिला फॉर्मच्या चौकटीत काहीतरी भरायचं असतं एवढंच. 'डिसेंबरमध्ये देते' असं अर्जावर लिहून द्या, ती खूश होईल. तिकडे एल.सी. नावाचा प्रकार नसतो, तर शाळेच्या लेटरहेडवर 'अमुक वर्गात अमुक तारखेपर्यंत शिकत होती' एवढं पत्र आणि रिपोर्ट कार्ड आणा. लसींचं कार्ड इथल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बीसीजी तिकडे सरसकट देत नाहीत, टायफॉइडचीही नाही, आणि शाळेच्या फॉर्मवर दोन्हींचे रकाने असतात.

ओसीआयवरून एक आठवलं. ही गोष्ट शाळेची नाही, बारावीनंतरची आहे. ४ मार्च २०२१च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार नीट, जेईई यांसारख्या परीक्षांतून ओसीआयधारकांना अनिवासी भारतीयांच्या किंवा जादा (सुपरन्युमररी) जागांवरच प्रवेश मिळतो. आज काही करायचं नाही, फक्त घरात कुठेतरी लिहून ठेवा. डॉक्टर व्हायचंय असं मुलं बाराव्या वर्षीच जाहीर करतात.

बोर्ड. तुमचा अर्धा कागद यावर खर्च झालाय, मी एक परिच्छेद देते. सहा वर्षांच्या मुलीला बोर्ड नसतं. सीबीएसईच्या पहिली-दुसरीत एनसीईआरटीप्रमाणे दोन भाषा आणि गणित, परिसर अभ्यास तिसरीपासून. राज्य बोर्डाच्या इंग्रजी माध्यमातही त्या वयाला शिकवायचं तेच असतं: वाचणं, लिहिणं, शंभरपर्यंतचे आकडे, रांगेत उभं राहणं. सातवी-आठवीपर्यंत एका बोर्डातून दुसऱ्यात जाता येतं, रोज कोणी ना कोणी जातं. नववीनंतर जड. तेव्हा बोर्डाचा निर्णय सहा-सात वर्षांनी घ्या, तोवर मुलगी कशी आहे हेही कळलेलं असेल. कंपनी तीन वर्षांत पुन्हा बाहेर पाठवणार असेल तर केंब्रिज किंवा आयबीचा विचार समजू शकते. तुम्ही कायमचं म्हणताय, तर कशाला? आणि शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' असल्याने काही होत नाही. त्या शब्दाला परवाना लागत नाही. 'सीबीएसई पॅटर्न' असं पाटीवर असेल तर तिथे थांबून संलग्नता क्रमांक विचारा. संलग्न शाळेला तो तोंडपाठ असतो, नसलेल्या शाळेत तुम्हाला कॉफी विचारतात.

आता तो नसलेला रकाना.

तुम्ही इथून गेलात तेव्हा भायली म्हणजे शेत होतं, म्हणून नकाशा पुन्हा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला भायली, वासणा, गोत्री, अलकापुरी. मग रेल्वेचे रूळ. मग विश्वामित्री नदी. मग रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी, आणि त्याही पलीकडे कारेलीबाग, वाघोडिया रोड. तुमच्या पाचांतल्या दोन शाळा नदीच्या पलीकडे आहेत. दोन्ही चांगल्या, एका शाळेत तर माझी भाची शिकली. दोन्ही खोडा.

कारण असं. फेब्रुवारीत गाडी काढून तुम्ही बघायला जाल तर पंचवीस मिनिटं लागतील. जुलैत अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रुळांखालून जाणारा रस्ता, पाण्याने भरलं की सगळी वाहतूक उरलेल्या पुलांवर येते, आणि तुमची मुलगी वर्धीच्या (मुलांची ने-आण करणाऱ्या खासगी) व्हॅनमध्ये सव्वा तास बसते. ऑगस्ट २०२४चा पूर तुम्ही तिकडे मोबाइलवर पाहिला असेल. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. असा पूर रोज येत नाही. पण पुलापलीकडे मूल आणि पुलाअलीकडे आई ही अवस्था एकदा अनुभवली की पोहण्याचा तलाव वगैरे आठवत नाही. आमच्या शाळेत अशा एका दुपारी चाळीस मुलं उरली होती. शेवटचं मूल गेलं तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. शिपाईकाकांनी सगळ्यांना मुरमुरे भडंग करून दिलं. मुलांना मजा आली, आयांचे चेहरे मी विसरणार नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला घरापासून वीस मिनिटांपलीकडची शाळा नको, एवढा एक नियम मी कुठल्याही घरासाठी मोडत नाही. प्रवासात जाणारा दीड तास आजीच्या वाट्याचा असतो. तुमच्या आई म्हणतील, 'दांडिया बाजाराजवळ घाला, दुपारी माझ्याकडे राहील.' मोह पडेल. पण मग रोज संध्याकाळी सहाला अकोटा-दांडिया बाजार पुलावरून तिला परत न्यायचं, अर्धवट झोपेत. त्यापेक्षा आजी-आजोबा आठवड्यातून दोन दिवस भायलीला आले तर चालतं का बघा. (सासू-सून हा विषय माझ्या अखत्यारीत येत नाही.)

वर्धीबद्दल. व्हॅन असो की रिक्षा, शाळेच्या बसव्यतिरिक्त जे काही असेल त्याची जबाबदारी शाळा घेत नाही, असं फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं. किती मुलं भरतात ते विचारू नका, उत्तर खोटं मिळेल. शाळा सुटताना गेटवर उभं राहून मोजा. सहलींचंही विचारून घ्या. १८ जानेवारी २०२४ला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तेव्हापासून बडोद्यातल्या प्रत्येक आईच्या मनात हा प्रश्न असतो, तुम्ही तो विचारलात तर कोणी तुम्हाला 'एनआरआय नखरे' म्हणणार नाही.

भाषेवर मात्र मला सावकाश लिहायचंय.

तुम्ही लिहिता, घरी मराठी बोलतो पण ती उत्तर इंग्रजीत देते. म्हणजे कान मराठी, जीभ इंग्रजी. त्यात आता गुजराती आणि हिंदी येणार. २०२३च्या कायद्याने गुजरातेतल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीचं आहे, न शिकवणाऱ्या शाळेला दंड आहे. परराज्यातून आलेल्यांना पालकांच्या अर्जावर सवलत देण्याची सोय कायद्यात आहे. ती मागू नका. मैदानावर भाषा गुजरातीच आहे. सवलत घेतलेलं मूल त्या तासाला ग्रंथालयात एकटं बसतं, आणि सुट्टीतही एकटंच राहतं.

चार भाषांची भीती वाटते तेव्हा मी पालकांना आपल्याच गावची गोष्ट सांगते. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बारा वर्षांच्या गोपाळरावाला दत्तक आणलं, तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. राजवाड्यातल्या शाळेत त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम सुरू केल्या. पुढे याच सयाजीरावांनी १८९३ला अमरेली भागात आणि १९०६ला सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. तुमची मुलगी बारा नाही, सहाची आहे, आणि तिला एक लिपी येते. तेव्हा धीर धरा.

बोलणं येईलच, ते मुलं एकमेकांकडून घेतात, त्यात आपलं काही चालत नाही. अडतं ते लिपीपाशी. गुजरातीला शिरोरेषा नाही. हिंदी-मराठीला आहे. गुजराती 'र' आपल्या देवनागरी २ या आकड्यासारखा दिसतो. गुजराती पाचचा आकडा हुबेहूब 'प'सारखा. एका मुलाने वहीत पाच आणि दोनची बेरीज मांडली होती, मी पाहिलं तर मला ते 'पर' (म्हणजे पंख) दिसलं, आणि त्यालाही तसंच दिसत होतं, म्हणून त्याने खाली उत्तराऐवजी पक्ष्याच्या पंखाचं चित्र काढलं! दुसरी एक मुलगी गुजरातीच्या वहीतही पट्टी घेऊन प्रत्येक शब्दावर रेघ मारायची, 'डोक्यावर काही नाही तर पडेल' म्हणून. तिच्या बेनने ते लाल शाईने खोडलं नाही, 'गुजराती अक्षरांना टोपी आवडत नाही' एवढंच म्हणाली. अशी शिक्षिका ज्या वर्गात आहे ती शाळा घ्या, बोर्ड कोणतंही असो.

म्हणून शाळेला विचारायचा नेमका प्रश्न हा: तिन्ही लिप्या एकाच वर्षी सुरू करता की एक बसल्यावर दुसरी? काही शाळा केजीतच इंग्रजी, हिंदी, गुजराती तिन्ही लिहायला लावतात. त्यातल्या दोन कोऱ्या पाटीवर ठीक, तीन म्हणजे गोंधळ. केजीत गुजराती फक्त गाणी-गोष्टींत आणि लिहिणं पहिलीत, अशी शाळा मिळाली तर तुमचं निम्मं काम झालं. मी विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत शिकत असताना चेतन बालवाडीत प्रात्यक्षिकं केली. तिथे मिश्र भाषांची मुलं आधी महिनोन् महिने नुसती ऐकायची, काहीच बोलायची नाहीत. मग एक दिवस आख्खं वाक्य. तुमची मुलगीही पहिले काही आठवडे वर्गात गप्प राहील. 'शी इज नॉट इंटरॅक्टिंग' असा निरोप डायरीत आला म्हणून तिला त्याच आठवड्यात स्पीच थेरपिस्टकडे नेऊ नका. घरी ती नेहमीसारखी बडबडत असेल, खेळत असेल, तर दिवाळीपर्यंत थांबा. घरातही गप्प झाली तर मात्र थांबायचं नाही, बालरोगतज्ज्ञांकडे जायचं.

मराठीला या सगळ्यात शाळेची मदत मिळणार नाही, हे मान्य करून टाका. मराठी घरच्यांनीच करायची. सक्तीने नाही, कामाने: देवापुढे फुलं ठेवताना, पोळ्या मोजताना, भाजीवाल्याशी भांडताना. आजीला इंग्रजी येत असलं तरी 'मला नाही बाई कळत' म्हणायला सांगा, हा जुना उपाय आहे आणि लागू पडतो. लिपी हिंदीच्या निमित्ताने येतेच, तिच्यावर मराठी फुकट मिळते. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत, १९१०ची ती, मराठी पुस्तकं आहेत. शनिवारी आजोबांनी तिला तिथे न्यावं, येताना काहीतरी खाऊ. बडोद्याची मराठी पुण्यासारखी राहणार नाही, आपली आहे तशीच होईल, 'चालशे' वगैरे. एका परतलेल्या घरातला प्रसंग सांगते. मुलगी शाळेतून आली आणि रडत म्हणाली, 'बेन मला नवरी म्हणाल्या.' आजी संतापली, सहा वर्षांच्या पोरीला नवरी म्हणतात म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी आजी माझ्या केबिनमध्ये. चौकशी केली तर बेन म्हणाली होती, 'नवरी केम बेठी छे?' म्हणजे रिकामी का बसलीस. गुजरातीत नवरं म्हणजे निवांत, ज्याला काही काम नाही तो. आजी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. जाताना म्हणाली, आमच्या घरातल्या नवऱ्यालाही हा अर्थ बरोबर बसतो.

आता शाळा बघायला जाल तेव्हा. प्रवेशाच्या आधी मुलीची 'टेस्ट' किंवा तुमची मुलाखत ठेवली असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ने ती पहिलीच्या प्रवेशाला बंद केलेली आहे, देणगीही. प्रत्यक्षात 'इंटरॅक्शन' या नावाने चालते. मी स्वतः अशा 'इंटरॅक्शन' घेतल्यात, खोटं कशाला बोलू. त्यात मुलाला रंग विचारतात आणि पालकांचं घड्याळ बघतात.

तुम्ही मात्र उलट मुलाखत घ्या. रिसेप्शन, स्मार्ट बोर्ड, ट्रॉफ्यांचं कपाट यांवरून नजर हटवून सिनियर केजीच्या चालू वर्षाच्या दोन-तीन वह्या मागा. सगळ्या वह्यांत अक्षर एकसारखं सुबक असेल तर ते मुलांचं नाही, भीतीचं आहे. खाडाखोड, वाकडा ३, बेनचा एखादा हसरा शेरा दिसला तर बरं. वर्गात मुलं मोजा. कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक धरलाय, सीबीएसईच्या शाळांत वर्गाला चाळीसपर्यंत भरतात. चाळीस असतील तर मदतनीस बाई आहे का, आणि ती दिवसभर असते का फक्त तुम्ही आलात म्हणून उभी आहे? मग मुलींचं स्वच्छतागृह बघा, सकाळी अकरा-साडेअकराला, सुट्टीनंतर. तुमच्या मुलीला भारतीय पद्धतीच्या संडासाची सवय नसेल. ती लाजेने दिवसभर पाणी पिणार नाही आणि जूनच्या उकाड्यात चौथ्या दिवशी ताप येईल. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता ते आजाराच्या यादीत घालावं असं वाटतं. दांडिया बाजारच्या वाड्यात जुना संडास असेल, तिथे आठवडाभर सराव करून घ्या, हसू नका.

शेवटचा प्रश्न विचारा: इथल्या केजीच्या शिक्षिका किती वर्षं आहेत? तीन-चार वर्षं टिकलेल्या असतील तर शाळा त्यांना बरं वागवते, म्हणजे त्या मुलांना बरं वागवतील. दरवर्षी नवी असेल तर इमारत कितीही छान असो, मी घातलं नसतं.

फीबद्दल फार लिहीत नाही. २०१७च्या कायद्याप्रमाणे गुजरातेत प्राथमिकला वर्षाला १५,००० रुपयांच्या वर फी घ्यायची असेल तर शाळेला फी नियामक समितीची मंजुरी लागते, बडोद्याच्या विभागाची समिती वेगळी आहे. मंजूर फीचा आदेश मागा, दाखवायला हवा. त्याखेरीज 'ॲक्टिव्हिटी', 'ॲप', 'वार्षिक कार्यक्रम' असं काय काय असतं ते लेखी घ्या. डॉलरमध्ये भागाकार करून 'एवढीच?' म्हणू नका, विशेषतः शाळेच्या लोकांसमोर.

उरलेल्या तीन शाळांतल्या एकीने तुम्हाला ईमेलवर संलग्नता क्रमांक दिलेला नाही, दोनदा विचारूनही. ती गेली. राहिलेल्या दोन्ही घरापासून दहा-बारा मिनिटांवर. त्यातल्या मोठ्या शाळेत केजीपासून वरपर्यंत सगळं आहे, छोटीत चौथीपर्यंतच. तुम्ही मोठीकडे झुकताय, कारण 'पुन्हा प्रवेशाची कटकट नको'. मी तुमच्या जागी असते तर छोटी घेतली असती. पहिल्या दोन वर्षांत तिला नावाने ओळखणारे शिपाईकाका पाहिजेत, रोबोटिक्सची प्रयोगशाळा नको. चौथीनंतरची कटकट तुमची आहे, तिची नाही. पण वह्या बघा आणि मग ठरवा, माझ्या शब्दावर नको.

तारखांचं लक्षात ठेवा. इथल्या सीबीएसई शाळा बहुतेक एप्रिलमध्ये सुरू होऊन मेमध्ये सुट्टी घेतात, राज्य बोर्डाच्या जूनमध्ये. तुम्ही मेच्या मध्याला याल, म्हणजे एप्रिलची तुकडी चुकेल. काही बिघडत नाही. त्या तीन आठवड्यांत मुलं फक्त रडतात.

आणि डबा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एका मुलाने शिकवलं. अमेरिकेहून आलेला, शांत, हुशार. पहिल्या आठवड्यात तक्रार आली की तो डबा लपवून खातो, कोणाला देत नाही, मुलं त्याला 'कंजूस' म्हणतात. मी त्याला जवळ बसवून विचारलं. तो घाबरून म्हणाला, 'वाटून खाल्लं तर कोणीतरी मरेल.' तिकडच्या शाळेत शेंगदाण्याच्या ॲलर्जीमुळे दुसऱ्याला आपलं खाणं द्यायला सक्त मनाई होती, आणि इथे समोरचा मुलगा त्याच्या ठेपल्यावर हात टाकत होता. त्याच्या आईला हे घरी कधी कळलंच नव्हतं. तुमच्या मुलीला निघायच्या आधी सांगा की बडोद्यात डबा वाटून खातात. तिला स्वतःला कसली ॲलर्जी असेल तर ती शाळेला लेखी द्या आणि वर्गशिक्षिकेला तोंडी सांगा. पहिल्या दिवशी डब्यात एकीपुरतं न देता तिघींपुरतं द्या. शिरा नको, हाताला चिकटतो. शंकरपाळे द्या.